हळदीच्या मांडवातली शेकपेटी

मे महिन्याच्या उकाड्यात माणसाला लाकडी पेटीत बसवायचं, आतले दिवे लावायचे आणि तो घामाने निथळला की त्याच्याकडून फी घ्यायची, हा उद्योग मी डोंबिवलीत बरीच वर्षं केला. माझे सासरे म्हणत, "लोक उन्हाळ्यात बर्फाचे गोळे विकतात. आमची सून ऊन विकते." ते चिडवायला म्हणत, पण माझ्या धंद्याचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. आता हा शब्द शाळकरी पोरांनाही येतो, कारण टीव्हीवर क्रिकेटपटू लंगडायला लागला की एक जण बॅग घेऊन धावत मैदानात जातो. ऐंशीच्या दशकात मानपाडा रस्त्यावर तळमजल्याच्या दोन खोल्यांवर मी पाटी लावली, तेव्हा लोक पाटीपाशी थबकायचे, आत डोकवायचे आणि काहीही विचारायचे. कुणाला चष्मा करून हवा असायचा, कुणाला मालीश. एक गृहस्थ तर मुलाची दहावीची मार्कलिस्ट घेऊन आले होते. मी सगळ्यांना तेच सांगायची, की इथे हात-पाय-कंबर-मान हलती करून मिळते. मग हळूहळू माझं बारसं झालं. मी शेकवाल्या बाई झाले. पदवी घ्यायला घातलेली वर्षं पाण्यात गेली.

शेक देण्यासाठी माझ्याकडे इन्फ्रारेडचा दिवा होता. इन्फ्रारेड म्हणजे काय, तर चुलीपासून हातभर लांब बसलं तरी अंगाला जी धग लागते, ती. दिसत नाही, पण लागते. दिवा किती लांब ठेवायचा, किती वेळ ठेवायचा, कातडीला गरम-थंड कळतंय की नाही हे आधी तपासायचं, आणि अंगाला तेल किंवा बाम असेल तर आधी पुसायचा, नाहीतर कातडी भाजते, एवढं त्यातलं शास्त्र. बाकी सगळा वेळ पेशंटच्या गप्पा ऐकण्यात जातो. आणखी एक नियम म्हणजे ताज्या दुखापतीला शेक नाही, बर्फ. हा नियम सांगून सांगून माझा घसा बसला. पाय मुरगळला की आपल्याकडे पहिली धाव तव्याकडे. रात्रभर विटकरीने शेकून पाय भोपळ्याएवढा झाला की सकाळी माझ्याकडे.

माझे निम्मे पेशंट कबड्डीवाले. आजूबाजूच्या आगरी गावांत कबड्डी म्हणजे जीव की प्राण. ह्या वाघांची एकच पंचाईत होती. मैदानात हजार माणसांसमोर चड्डीवर उड्या मारणारे हे गडी माझ्यासमोर मांडी दाखवायला लाजत. "कुठे दुखतंय?" विचारलं की सोबत्याच्या मांडीवर बोट ठेवून दाखवायचे. एकाने तर मला सांगितलं, "ताई, तुम्ही नुसता अंदाज घ्या ना." मी म्हटलं, "मी अंदाजाने शेक देते. भाजलं तर तूही अंदाजाने ओरड." त्यानंतर गपगुमान पँट उतरली.

पेटी आली ती ह्या मंडळींसाठीच. दिव्याने एक जागा शेकते. पण उन्हाळा हा कबड्डीचा खरा मोसम. शेतं रिकामी, शाळा बंद, गावोगाव सामने. पोरं संध्याकाळी खेळायची, रात्री तिथेच जमिनीवर आडवी व्हायची, सकाळी एखाद्या लग्नात पोटभर जेवायची आणि संध्याकाळी पुन्हा मैदानात. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे येत, तेव्हा त्यांच्यात न आखडलेला असा एक कानच उरलेला असे. एका परदेशी मासिकात मी पेटीचं चित्र पाहिलं होतं. आतून सगळीकडे इन्फ्रारेडचे दिवे, माणूस आत स्टुलावर, डोकं तेवढं बाहेर. मी ते चित्र आमच्या विश्राम मिस्त्रींना दाखवलं. त्यांची हयात कपाटं करण्यात गेलेली. त्यांनी बराच वेळ चित्र उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "डोकं बाहेर कशाला?"

"डोक्याला शेक द्यायचा नसतो."

"काही जणांना तिथेच द्यायला पाहिजे," मिस्त्री म्हणाले आणि माप घ्यायला लागले.

दिवे कल्याणला मिळाले, कोंबड्यांच्या पिल्लांना ऊब द्यायला जे लावतात ते. दुकानदाराने विचारलं, "पिल्लं किती आहेत?" मी म्हटलं, "कबड्डीचा एक संघ." त्याने मला परत काही विचारलं नाही, पण सुटे पैसे देताना माझ्याकडे जरा जपून पाहिलं.

लोक विचारत, ऊन फुकट असताना ही पेटी कशाला? मी सांगायची, उन्हात बसलात तर कातडी भाजेल, डोकं उठेल आणि आखडलेली मांडी तशीच राहील. पेटीत संध्याकाळी, पोटात थोडं अन्न असताना, थोडाच वेळ बसायचं. डोक्यावर ओला पंचा, समोर पंखा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच बाहेर. उठल्यावर मीठ-साखर-लिंबाचं पाणी प्यायचं, घाम जिरू द्यायचा आणि घरी जाऊन झोपायचं. पेटीने माणूस बरा होतो असं मी कधीही म्हटलं नाही. तो सैल होतो आणि त्याला झोप लागते. बरं करायचं काम ती झोपच करते, फी मात्र मी घेत असे.

पेटीने मला गिऱ्हाइकंही एकेक दिली. आमच्या शेजारच्या लेले काकूंकडे माझ्या दवाखान्याची किल्ली असायची. एका मे महिन्यात मी दिवसभर ठाण्याला गेले होते आणि नेमकं आभाळ भरून आलं. काकूंच्या कुरडया गच्चीवर ओल्या. त्यांनी शांतपणे किल्ली घेतली, कुरडया पेटीत मांडल्या आणि दिवे लावले. छान वाळल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी बँकेतले एक साहेब पाठ शेकायला पेटीत बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "आज काहीतरी वेगळं औषध होतं का? जिऱ्याचा वास येत होता." ते शर्ट घालायला वळले तेव्हा त्यांच्या पाठीला एक कुरडई चिकटलेली दिसली. मी ती अलगद काढून घेतली आणि औषध बदललंय असं सांगितलं. त्याच पेटीत आदल्या आठवड्यात अख्खा संघ घाम गाळून गेला होता, हे मी काकूंना सांगितलं नाही. त्यांनी वर्षभर ती कुरडई पाहुण्यांना तळून घातली. मी त्यांच्याकडे गेले की फक्त चहा घेत असे.

पण मला सांगायचं आहे ते जनार्दनबद्दल.

जनार्दन, म्हणजे सगळ्यांचा जनू, मानपाड्याजवळच्याच गावातला. चढाईला गेला की हात लावून असा परतायचा की पकडणारे एकमेकांनाच धरून बसत. त्याच्या घरची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती. त्यांच्या शेतावर जो कारखाना उभा राहिला, त्यातच तो माल उचलायच्या कामावर होता, तोही रोजंदारीवर. आज काम आहे, उद्या नाही. त्या कारखान्याचा कबड्डीचा संघ होता. संघात निवड झाली की माणूस नोकरीत कायम. त्या उन्हाळ्यात एकाच खेळाडूची जागा होती आणि निवड चाचणीचा सामना एका रविवारी कळव्याच्या मैदानावर ठरलेला. आदल्या दिवशी, शनिवारी, जनूचं लग्न. तारीख दोन्हीकडची हलणार नव्हती.

आणि लग्नाला दोन आठवडे उरलेले असताना हा गडी दोघांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत माझ्या दारात आला. सरावात मांडीच्या मागचा स्नायू ताणला होता.

"कधी झालं?"

"आताच, ताई. मना पेटीत बसवा."

"आता पेटी नाही. बर्फ."

त्याचा चेहरा पडला. पेटीवर त्या पोरांची फार श्रद्धा होती. माझ्या फ्रिजमध्ये बर्फ म्हणजे सरबतापुरते चार खडे. तेव्हा मी बाजारातल्या पारूबायकडे माणूस धाडला. पारूबाय कोळीण, मासळी विकायची, तिच्याकडे बर्फाची लादी असायची. निरोप ऐकून ती लादी घेऊन स्वतःच धावत आली आणि दारातूनच म्हणाली, "एवरा बरफ? कोन गेला गो बाय?" कुणी गेलं नाही, नवरदेवाची मांडी आहे, हे कळल्यावर तिने बर्फाचे पैसे घेतले नाहीत, लग्नाचं आमंत्रण घेतलं. त्या बर्फाला मांदेलीचा वास होता. पुढचे दोन दिवस जनू झोपला की गल्लीतली मांजरं त्याच्या उशापायथ्याशी येऊन बसत.

सूज उतरल्यावर मी शेक सुरू केला. आधी दिवा, मग थोडा ताण, थोडा व्यायाम, आणि पुढच्या आठवड्यात संध्याकाळी पेटी. पोरगा सांगितलेलं ऐकणारा नव्हता. "दुखत नाय" हे त्याचं सगळ्या प्रश्नांना उत्तर. तरी पाय सुधारत होता. मला वाटायला लागलं, जमेल.

तेवढ्यात भीमाआत्या आल्या. जनूच्या वडिलांची थोरली बहीण. आई-वडील दोघंही शांत, घर चालायचं आत्यांच्या शब्दावर. कासोटा घातलेलं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि दहा घरं ओलांडून जाईल असा आवाज. त्यांनी पेटीतून बाहेर आलेलं भाच्याचं डोकं पाहिलं आणि मला विचारलं, "गो बाय, माज्या पोराला कोंबरीवानी कनाला कोंडलंस?"

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पेटीला हात लावून पाहिला, आणि मग मूळ मुद्द्यावर आल्या. "शुक्रवारी हलद हाय. एकदा हलद लागली का नवरा गावाची वेस वलांडत नाय. तेवा शुक्रवारपासून यो तुज्याकडं येनार नाय."

"अहो आत्या, रविवारी चाचणी. शनिवारी दिवसभर उभं राहून पाय आखडणार. शुक्रवारचा शेक चुकवून चालणार नाही."

"वेस वलांडनार नाय."

"मग पेटीच घेऊन जा तुमच्या मांडवात!" मी चिडून म्हणाले.

माझं चिडणं माझ्या सासरच्यांना लगेच कळतं, बाहेर ते कुणालाच कळत नाही. आत्यांना ते फार समंजस बोलणं वाटलं. "तसाच करू," म्हणाल्या आणि निघून गेल्या. शुक्रवारी दुपारी दारात टेंपो उभा, चार तगडे गडी, आणि हातात नारळ. मांडवात येणारी कुठलीही वस्तू हळदकुंकू लावल्याशिवाय घरातून उचलायची नाही, असा आत्यांचा हुकूम होता. पेटीला हळदकुंकू लागलं. लेले काकूंनी तिच्यावर अक्षता टाकल्या. सासरी निघाल्यासारखी माझी पेटी टेंपोत चढली, आणि मी तिची पाठराखीण म्हणून पुढे ड्रायव्हरशेजारी बसले.

मांडव मोठा होता. ओट्यावर बायका, अंगणात पुरुष, आणि एका कोपऱ्यात जनूचे काका, पांडूकाका. पांडूकाकांनी ठाण्याहून भाड्याने लाउडस्पीकर आणला होता. तो सकाळपासून एका दमात वाजत होता आणि गावातलं एकही माणूस दुसऱ्याशी बोलू शकत नव्हतं, ह्याचा काकांना मनापासून आनंद झालेला दिसत होता.

पहिला तंटा हळदीवरून झाला. नवऱ्याला हळद लावायची ती तेलात कालवून, नखशिखांत. आणि तेल लागलेली कातडी मी दिव्यांपुढे बसवणार नव्हते. मी म्हटलं, आधी शेक, मग हळद. आत्या म्हणाल्या, मुहूर्त आधी, मग जग. मी म्हटलं, निदान कमरेखाली नको. बायकांमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. अर्धा नवरा हळदीचा आणि अर्धा कोरा, असं कुणी पाहिलं नव्हतं.

"मुलीकडच्यांनी बघला तर काय बोलतील?" आत्या म्हणाल्या.

"त्यांनी कमरेखाली बघितलं, तर बोलायचं तुम्ही, त्यांनी नाही," मी म्हणाले.

क्षणभर शांतता झाली, म्हणजे लाउडस्पीकर सोडून. मग ओट्यावरच्या बायका पदर तोंडात धरून अशा हसायला लागल्या, की आत्याही हसल्या. तडजोड झाली. वरच्या अंगाला तेल-हळद, ती पेटीत बसण्याआधी मी नीट पुसून घ्यायची; मांड्या कोऱ्या; आणि पायाच्या अंगठ्याला हळदीची एक टिकली, म्हणजे देवाच्या दृष्टीने पाय झाला.

जनू पेटीत बसला. पिवळं धमक तोंड तेवढं बाहेर, कपाळाला मुंडावळ्या, डोक्यावर ओला पंचा. मी बटण दाबलं. दिवे लागले आणि लाउडस्पीकरवरची गाणारी बाई अचानक म्हातारी होत गेली. तिचा आवाज घोगरा झाला, मग पुरुषाचा झाला, मग रेड्याचा, आणि फट्‌ असा आवाज होऊन मांडवातलं सगळंच बंद पडलं. फ्यूज गेला होता.

वायरमनने फ्यूज बांधला आणि स्वच्छ सांगितलं, लाइनवर एकच काय ते चालेल. पेटी नाहीतर लाउडस्पीकर.

पांडूकाका मध्ये येऊन उभे राहिले. "लावडस्पीकर बंद? हलदीला? तीन गावांत ऐकू जाते ते बंद जाला तर लोकांना वाटंल लगीन मोरला!" काकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्यांच्या मते लंगडा नवरा चालला असता, मुकी हळद नाही. पुरुष मंडळी काकांकडे झुकली. जनू पेटीतून कळवळून म्हणाला, "काका, माजी नोकरी!" पण नुसत्या डोक्याचं कोण ऐकतं?

तेव्हा आत्यांनी ओट्यावर बसलेल्या धवलारणीकडे पाहिलं. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाऊन विधी करणारी ही म्हातारी बाई. ती सकाळपासून गातच होती, पण लाउडस्पीकरमुळे तिच्या मांडीला मांडी लावून बसलेलीलाही ते कळलं नव्हतं.

"ही गानार," आत्या म्हणाल्या. "हिला लाइट लागत नाय."

पांडूकाका तोंड फिरवून बिडी ओढायला गेले. दिवे लागले. धवलारणीने सूर लावला आणि बायकांनी तो उचलला. मी कितीतरी लग्नं जेवले होते, पण धवले असे शांतपणे कधी ऐकले नव्हते. म्हातारीने देवांची नावं घेतली, मांडवाचे खांब गायले, आणि मग बघता बघता पेटीही गाण्यात घेतली. नवरदेव सागवानी देव्हाऱ्यात बसला, त्याला डोंबिवलीच्या बाईने ऊन पाजलं, अशा अर्थाचं काहीतरी. पेटी प्लायवूडची होती, पण मी दुरुस्ती केली नाही. माझे डोळे भरून आले होते. माझ्या कामाचं गाणं त्याआधी कुणी केलं नव्हतं, नंतरही नाही.

शेक झाल्यावर मी जनूला अंगणात पळवून, उड्या मारायला लावून पाहिलं. तो हरणासारखा पळाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी त्याला पालथं झोपवलं, टाचेला हात लावला आणि माझ्या हाताविरुद्ध गुडघा वाकवायला सांगितला. त्याने वाकवला, हसत वाकवला, पण ओठ दातांखाली गेला. मला कळायचं ते कळलं.

शेकाची एक लबाडी असते. तो दुखणं झाकतो. पेशंटला वाटतं पाय बरा झाला, पण पायाला ते कुणी कळवलेलं नसतं. मी जनूला स्पष्ट सांगितलं, "तुझ्या पायात अर्धा सामना आहे. मध्यांतरापर्यंत हवा तसा खेळ. नंतर पुन्हा उतरलास तर स्नायू फाटेल. मग कबड्डी राहिलीच, माल उचलायचं कामही जाईल."

"ताई, अर्ध्या सामन्यावर नोकरी देतंय कोन?" तो म्हणाला. "पाय काय, मागनं बरा व्हईल."

त्याच्या जागी मीही कदाचित हेच म्हटलं असतं.

लग्न झालं. नवरी हिरा, दिवा स्टेशनजवळच्या गावातली, अगदी लहानखुरी, डोळे सतत जमिनीकडे. लग्न लागल्यापासून तिने सासरी तोंडातून एक शब्द काढला नव्हता आणि त्याबद्दल सगळे तिचं कौतुक करत होते. रविवारी नवी जोडी देवाला जायची होती. आत्यांनी देव आणि चाचणी एकाच टेंपोत बसवले. देवदर्शन झालं आणि टेंपो तसाच कळव्याला. मी बँडेज बांधायला बरोबर होते. जनू पुढे ड्रायव्हरपाशी. मागे मी हिराच्या शेजारी बसले आणि वाटेत तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. पाय कुठे ताणलाय, मध्यांतरानंतर काय होऊ शकतं. माझा अनुभव असा, की पुरुषाला व्यायाम सांगायचा असेल तर घरातल्या बाईला सांगावा. पण ही तर कालची नवरी. तिने मान हलवली की रस्त्यातल्या खड्ड्याने ती हलली, मला कळलं नाही.

मैदानावर पंचांनी जनूच्या दंडावरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. कबड्डीत अंगाला तेल लावून उतरता येत नाही, पकड निसटते. "तेल लावून आलास?" पंच गरजले. आत्या दोरीपलीकडून त्यांच्यावर गरजल्या, "देवाची हलद हाय ती! पुसून बघ, जाते का!" शेवटी जनूने अंगभर माती चोळली आणि मातीचा पुतळा होऊन मैदानात उतरला.

पहिला अर्धा सामना त्याने एकट्याने खाल्ला. चढाईला जायचा, एकाला बोनसची हूल द्यायचा, दुसऱ्याला शिवायचा आणि परत. माझी नजर फक्त त्याच्या उजव्या मांडीवर. मध्यांतर झालं तेव्हा त्याचा संघ पुढे होता आणि तो लंगडत नव्हता. फक्त उजव्या पायावर भार न देता उभा होता. ते आणखी कुणाला दिसलं नसेल.

पायातली कळ वाढली असावी, दुसऱ्या डावाला तो बाहेर बसला. समोरचा संघ गुण मारत चालला. कारखान्याचे क्रीडा अधिकारी खुर्चीत बसून पाहत होते. गावकरी ओरडायला लागले, "जनू! जनू!" पांडूकाका सगळ्यांत मोठ्याने. जनूने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग अधिकाऱ्यांकडे, आणि उठला. बँडेज घट्ट केलं. कप्तान त्याला बोलावत होताच. मी "नको, जनू!" म्हटलं, पण त्या गोंगाटात माझा आवाज माझ्याच कानापर्यंत आला नाही.

"बसा खाली!"

तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकलेला नाही. दोरीजवळ हिरा उभी होती. डोक्यावरचा पदर घसरलेला, हिरवा चुडा भरलेला हात सरळ जनूकडे रोखलेला. पंचांची शिट्टी तोंडातच राहिली.

"बसा बोलले ना मी!"

जनू बसला. उभ्याचा खाली, तिथेच, मातीत. मग त्याने पंचा तोंडावर ओढून घेतला. त्याचे खांदे हलत होते. आपली नोकरी गेली हे त्याला कळून चुकलं होतं, आणि मलाही. हिराने पदर सावरला आणि पुन्हा जमिनीकडे पाहायला लागली. आत्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

सामना त्याच्या संघाने गमावला. अधिकारी उठून आमच्या बाजूला आले. "मघाशी ओरडलं कोण?"

मी पुढे होऊन सांगितलं, "त्याची बायको. कालच लग्न झालं. त्याच्या पायाला दुखापत आहे, मीच त्याला अर्धा सामना सांगितला होता."

"कालच लग्न झालं," अधिकारी म्हणाले, "आणि आज सगळ्या मैदानासमोर हा तिचं ऐकून बसला?" त्यांनी जनूकडे नीट पाहिलं. "चढाई बऱ्याच जणांना येते हो. बस म्हटल्यावर बसणारा खेळाडू मला इतक्या वर्षांत मिळाला नाही. सगळे फाटेपर्यंत खेळतात आणि मग वर्षभर रजेवर. पाय बरा झाला की पाठवा ह्याला. घेतला."

जनूने तोंडावरचा पंचा काढला. मातीत डोळ्यांखाली दोन ओघळ पडले होते. तो अधिकाऱ्यांच्या पाया पडायला वाकला, मांडीत कळ आली म्हणून मध्येच थांबला, आणि मी त्याला हाताला धरून सरळ केलं.

आम्ही टेंपोने परत निघालो. नोकरीचा आनंद सगळ्यांच्या पोटात मावत नव्हता, पण भरल्या मैदानात, सासरच्या माणसांसमोर नवरी ओरडली होती, त्याचं काय करायचं हे आत्यांनी ठरवल्याशिवाय हसायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पांडूकाकाही बाहेर बघत होते. हिरा अंग चोरून माझ्याजवळ बसली होती. मी तिचे हात माझ्या हातात धरून ठेवले.

शीळफाटा मागे पडला तेव्हा आत्यांनी पानाची पिंक बाहेर टाकली, तोंड पुसलं आणि हिराकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"आवाज बरा हाय पोरीचा," त्या म्हणाल्या. "पांडू, तुजा तो लावडस्पीकर उंद्या परत देऊन ये."